यंत्रें थोडीं, रुग्ण फार

रुग्णालयाचा कारभार पाहणाऱ्यांचें सर्वांत अवघड काम कोणतें, असें विचारल्यास पुष्कळ जण पैसा जमविणें हें उत्तर देतील. परंतु जमलेला पैसा कोणासाठीं खर्चावयाचा आणि कोणाला नाहीं म्हणावयाचें, हें ठरविणें त्याहूनहि अवघड होय. अमेरिकेंतील सिॲटल शहरीं हा प्रश्न एकदां अगदीं उघड्या स्वरूपांत उभा राहिला होता.

दोन्ही मूत्रपिंडें कायमचीं निकामी झालीं म्हणजे रक्तांतील विषारी द्रव्यें सांचत जातात आणि उपचारावांचून रोगी लवकरच दगावतो. यंत्रानें रक्त शुद्ध करण्याची युक्ति, म्हणजे डायालिसिस, दुसऱ्या महायुद्धाच्या काळांतच निघाली होती. तथापि प्रत्येक खेपेस नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. त्यामुळें हा उपचार थोड्या दिवसांपुरताच चाले. १९६० सालीं डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनीं हातांतील रोहिणी व नीला यांना जोडणारी टेफ्लॉनची नळी बसविली, आणि एकच रोगी वर्षानुवर्षें यंत्रावर जगूं शकेल अशी सोय झाली.

१९६२ च्या जानेवारींत सिॲटल येथें अशा रोग्यांसाठीं स्वतंत्र केंद्र उघडलें. एकदां घेतलेला रोगी आठवड्यामागून आठवडे यावयाचाच. म्हणून जागा क्वचितच रिकामी होई. डॉक्टरांनीं प्रकृति तपासून कांहीं नांवें वगळलीं, तरी उरलेले रोगी जागांहून अधिकच. तेव्हां निवडीसाठीं सात जणांची समिति नेमण्यांत आली. तींत वकील, धर्मोपदेशक, बँकेचा अधिकारी, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार-पुढारी व शल्यवैद्य असे प्रत्येकीं एक होते. त्यांचीं नांवें गुप्त ठेविलीं होतीं.

समितीनें काय पाहिलें? वय, मुलेंबाळें, उत्पन्न, शिक्षण, धंदा, इतकेंच नव्हे तर चर्चमधील उपस्थितिसुद्धां! हेतु प्रामाणिक होता. परंतु अशा मापानें चाकोरींतला संसारी मनुष्य जड ठरतो आणि एकटा, निर्धन किंवा चारचौघांहून वेगळा मनुष्य हलका ठरतो. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ‘लाइफ’ साप्ताहिकानें ही हकीकत छापली आणि मोठा वाद माजला. पुढें १९७२ च्या कायद्यानें अमेरिकन सरकारनें अशा बहुतेक सर्व रोग्यांचा खर्च उचलला.

मग निवड संपली काय? नाहीं. एका रोगासाठीं तिजोरी उघडली. दुसऱ्या रोगांच्या दारीं मात्र वाट पाहणें राहिलेंच. रांग दिसेनाशी झाली, एवढेंच.

ब्रिटनमध्यें १९९९ सालीं स्थापन झालेल्या ‘नाइस’ ह्या संस्थेनें निराळा मार्ग धरला. अमक्या उपचारानें आयुष्य किती वाढतें, तें कितपत सुसह्य होतें, आणि त्यास खर्च किती, असा हिशेब ती मांडते व आपला निर्णय कारणांसह प्रसिद्ध करते. हाहि हिशेब निर्दोष नाहीं. ज्यांचें आयुष्य थोडें उरलें आहे किंवा ज्यांना अपंगत्व आहे, त्यांच्या वांट्यास त्यांत कमी माप येतें, असा आक्षेप घेतला जातो.

तथापि ह्या दोन पद्धतींत एक महत्त्वाचा भेद आहे. सिॲटलच्या समितीनें माणूस तोलला. येथें उपचार तोलला जातो. उपचाराचें माप आधीं जाहीर करतां येतें, त्यावर वाद घालतां येतो, चुकल्यास तें बदलतांहि येतें. माणसाच्या योग्यतेचें माप मात्र बंद दाराआडच लागतें. कारभाऱ्याला कोणाला तरी नाहीं म्हणावेंच लागणार. तें कां म्हटलें, हें त्या रोग्याच्या तोंडावर सांगतां येईल, एवढी तरी निवड स्वच्छ असावी.