बृहदांत्रदर्शन, शस्त्रक्रियोत्तर
बृहदांत्र वा गुदाशय यांतील कर्करोगग्रस्त भाग काढल्यानंतर उरलेल्या आतड्याची लवचिक दुर्बिणीने केलेली तपासणी. व्यवहारात ती कोलोनोस्कोपी या नावाने रूढ आहे. सांधलेल्या जागी रोग उलटला आहे काय, हे तीत पाहतातच. पण पूर्वी नजरेतून सुटलेल्या वा नव्याने उद्‌भवलेल्या गाठी हुडकणे हे तिचे मुख्य प्रयोजन होय. पॉलिप या अस्तरावरील वाढीचे कर्करोगात रूपांतर होण्यास बहुधा अनेक वर्षे लागतात. त्यामुळे तपासण्यांमधील अंतर क्रमाने वाढविता येते.

शस्त्रक्रियेपूर्वी संपूर्ण बृहदांत्र पाहिलेले असल्यास पहिली तपासणी सामान्यतः एका वर्षाने, ती निर्दोष ठरल्यास दुसरी त्यानंतर ३ वर्षांनी व पुढील ५-५ वर्षांनी करतात. गाठीमुळे मार्ग अडून दुर्बीण पुढे गेली नसेल, तर मात्र ३ ते ६ महिन्यांतच तपासणी आवश्यक असते. पॉलिप आढळल्यास किंवा रोग आनुवंशिक असल्यास ही अंतरे कमी करतात. यकृतात वा फुप्फुसात पसरलेला रोग या तपासणीत दिसत नाही. त्यासाठी रक्ततपासणी व सीटी स्कॅन करावे लागतात.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे २०१२ मध्ये शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाल्याने करमाडसारख्या गावांना कर्करोगोपचार जवळ आले. रेचक घेतलेल्या रुग्णास लांबचा प्रवास फार जाचक होतो, हे लक्षात घेता ही सोय लहान नव्हे. मात्र शस्त्रक्रिया मुंबईस व पुढील तपासणी अन्यत्र होणार असल्यास, पूर्वी संपूर्ण बृहदांत्र पाहिले होते किंवा नाही, ही नोंद रुग्णाच्या कागदपत्रांत असणे अगत्याचे असते. पहिल्या तपासणीची मुदत तिच्यावरूनच ठरते.