विश्लेषण : मूर्ती नसलेली ‘मूर्तिपूजा’! पैसा, सत्ता आणि तंत्रज्ञानाविषयी ख्रिस्ती परंपरा काय सांगते?

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी (एआय) व्हॅटिकनने २८ जानेवारी २०२५ रोजी ‘अँटिक्वा एत नोव्हा’ (जुने आणि नवे) हा दस्तावेज प्रसिद्ध केला. रोजगार, शिक्षण, आरोग्यसेवा, युद्ध अशा विषयांचा ऊहापोह केल्यानंतर त्याच्या अखेरच्या भागात एक फार जुना शब्द येतो : मूर्तिपूजा. माणसाने स्वतः घडवलेली वस्तू देवाच्या जागी बसवणे ही मूर्तिपूजाच, असे त्यात म्हटले आहे. जुन्या मूर्तींना तोंड असून त्या बोलत नसत. हे यंत्र मात्र बोलते, किंवा बोलल्याचा भास तरी निर्माण करते. म्हणून त्याचा मोह अधिक, असा इशाराही त्यात आहे. अशा वेळी शेवटी पूजा होते ती माणसाची स्वतःचीच आणि तो आपल्याच निर्मितीचा गुलाम होतो, असा या मांडणीचा रोख आहे. हजारो वर्षांपूर्वीचा हा शब्द आजच्या तंत्रज्ञानाला का लावला जातो?

मूळ संकल्पना काय?

बायबलच्या ‘निर्गम’ या ग्रंथाच्या २० व्या अध्यायात दहा आज्ञा येतात. एका देवाखेरीज अन्य देव मानू नयेत आणि कोरीव प्रतिमा करून तिच्या पाया पडू नये, हे त्यांतील सुरुवातीचे आदेश. या दोन गोष्टी एक आज्ञा की दोन, यावर ख्रिस्ती पंथांतच एकमत नाही. कॅथलिक आणि ल्युथरन परंपरा दोन्ही मिळून पहिली आज्ञा मानतात. ऑर्थोडॉक्स आणि कॅल्विनच्या परंपरेतील प्रोटेस्टंट चर्च प्रतिमांविषयीची आज्ञा वेगळी, दुसरी मोजतात. म्हणजे पहिल्या गटासाठी प्रतिमेचा प्रश्न मूळ प्रश्नातच सामावलेला आहे. तो मूळ प्रश्न असा : माणसाच्या आयुष्यात सर्वोच्च जागा कोणाची?

सोन्याच्या वासराची गोष्ट काय?

मोशे सीनाय पर्वतावर ४० दिवस होता. खाली लोकांचा धीर सुटला. आम्हाला पुढे घेऊन जाणारा देव घडवून दे, अशी मागणी त्यांनी त्याचा भाऊ अहरोन याच्याकडे केली. अहरोनाने बायकामुलांच्या कानांतील सोन्याची कुंडले मागवली आणि त्यांतून वासरू घडवले. या कथेतील दोन तपशिलांकडे अभ्यासक लक्ष वेधतात. सोने लोकांचे स्वतःचेच होते, म्हणजे मूर्ती बाहेरून आली नव्हती. शिवाय वासरू तयार झाल्यावर अहरोनाने दुसऱ्या दिवशी परमेश्वराचाच सण जाहीर केला. देवाला सोडले, असे त्या लोकांना वाटतही नव्हते. वाट पाहणे असह्य झाले, म्हणून त्यांनी आपल्याला हवा तसा, हाताशी राहणारा देव करून घेतला. आधुनिक मूर्तिपूजेच्या चर्चेत ही कथा पुन्हा पुन्हा येते, ती यामुळेच.

मूर्ती नसताना मूर्तिपूजा कशी?

हे वळण नव्या करारातच आहे. लोभ म्हणजे मूर्तिपूजाच, असे पौलाने कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. देव आणि ‘मॅमन’ अशा दोन धन्यांची चाकरी एकाच वेळी करता येत नाही, ही येशूची शिकवण मत्तयच्या शुभवर्तमानात येते. मॅमन म्हणजे संपत्ती. येशूने तिला थेट धन्याच्या, म्हणजे देवाच्या प्रतिस्पर्ध्याच्या जागी ठेवले, हे महत्त्वाचे.

मार्टिन ल्युथर यांनी १५२९ च्या ‘लार्ज कॅटेकिझम’ या ग्रंथात याची व्याख्याच केली : माणसाचे मन ज्यावर विसंबते, तोच त्याचा खरा देव. पैसा गाठीला असला की निर्धास्त आणि नसला की हताश होणाऱ्याचा देव पैसाच, असे ते म्हणत. जॉन कॅल्विन यांनी माणसाच्या मनाला मूर्ती घडवणाऱ्या कारखान्याची उपमा दिली. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथातही (कॅटेकिझम) सत्ता, सुखोपभोग, वंश, राज्यसंस्था आणि पैसा यांना देवाच्या जागी मानणे म्हणजे मूर्तिपूजा, असे नमूद आहे.

मग चर्चमधील पुतळ्यांचे काय?

हा वाद ख्रिस्ती धर्माच्या आतलाच आणि जुना आहे. बायझंटाइन साम्राज्यात आठव्या शतकात धार्मिक चित्रांवर बंदी आली, ती नष्टही केली गेली. अखेर ७८७ मध्ये निकियाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने भेद स्पष्ट केला : आराधना फक्त देवाची, चित्राला दिला जातो तो सन्मान आणि तोही चित्रातून मूळ व्यक्तीकडे जातो. सोळाव्या शतकात हा वाद पुन्हा पेटला. झुरिचमधील चर्चमधून पुतळे हटवले गेले, १५६६ मध्ये नेदरलँड्समध्ये जमावाने ते फोडले. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत हात, पाय, घर, बाळ अशा आकारांच्या मेणाच्या वस्तू वाहिल्या जातात. तेथे कॅथलिक भाविक निकियाच्या याच भेदाचा आधार घेतात. अनेक प्रोटेस्टंट पंथांना तो आजही मान्य नाही.

भारतात हा शब्द नाजूक का?

कारण येथे तो प्रामुख्याने इतरांविरुद्ध वापरला गेला. गोव्यात पोर्तुगीज सत्तेने १५४० पासून तिसवाडीत आणि पुढे बार्देश व सासष्टीत मंदिरे पाडली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, ती याच काळात. अंत्रुज महालातील (फोंडा) अनेक प्रसिद्ध देवस्थानांचा इतिहास या स्थलांतरापासून सुरू होतो. मुंबईत १८३० च्या दशकात स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांचे हिंदू पंडितांशी जाहीर वाद झाले, त्यांतही मूर्तिपूजा हा मुद्दा होता.

त्यामुळे मराठी वाचकाला या शब्दातून प्रथम परधर्माची निंदा ऐकू येते आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. मात्र बायबलमधील संदेष्ट्यांचा कठोर रोष बहुतांशी आपल्याच समाजावर, आपल्याच राजांवर होता. विसाव्या शतकात हा शब्द पुन्हा ख्रिस्ती समाजाकडेच वळवला गेला. आजच्या चर्चेचे वजन तेथे आहे.

पैसा हा पहिला ‘देव’ का?

पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०१३ च्या ‘एव्हांजेली गॉदियम’ या पत्रात सोन्याच्या वासराची पूजा नव्या, निर्दय रूपात परतल्याचे म्हटले. हे नवे रूप म्हणजे पैशाची भक्ती आणि मानवी उद्दिष्ट हरवलेली अर्थव्यवस्था. रस्त्यावर राहणारा एखादा वृद्ध थंडीने मेला तर ती बातमी होत नाही, शेअर बाजार दोन अंकांनी घसरला तर होते, हे त्यांचे उदाहरण जगभर चर्चिले गेले.

येथे टीका पैसा कमावण्यावर नाही. रोजंदारीवरच्या मजुराने वाढीव मजुरी मागणे ही मूर्तिपूजा नव्हे. पोटाची ती गरज आहे. मजुरीपेक्षा नफ्याचा आकडा अधिक पवित्र मानला जातो, त्याला कोणी प्रश्न विचारायचा नाही आणि त्यासाठी माणसे खर्ची पडली तरी चालते, तेथे पैसा देव होतो, असा हा युक्तिवाद आहे.

राष्ट्र आणि सत्तेची मूर्ती होते?

जर्मनीत हिटलर सत्तेवर आल्यावर ‘जर्मन ख्रिस्ती’ नावाच्या गटाने नाझी विचार चर्चमध्ये आणला. त्याविरोधात मे १९३४ मध्ये बार्मेन येथे एक जाहीरनामा मंजूर झाला. त्याचे प्रमुख लेखक होते धर्मतत्त्वज्ञ कार्ल बार्ट. राज्यसंस्थेने आपली मर्यादा ओलांडून मानवी जीवनाची एकमेव व्यवस्था बनावे, हे मत जाहीरनाम्याने फेटाळले. पण त्यात ज्यूंच्या छळाचा उल्लेख नव्हता. ही आपली चूक झाल्याचे बार्ट यांनी पुढे मान्य केले.

दक्षिण आफ्रिकेतील ‘कैरोस’ दस्तावेज (सप्टेंबर १९८५) अधिक थेट होता. वर्णभेदी राजवटीच्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकात सर्वशक्तिमान देवाचे नाव होते. तेथील धर्मअभ्यासकांनी आणि पाळकांनी लिहिले, की बंदुका, अश्रुधूर आणि तुरुंगवासाच्या बाजूने उभा केलेला हा देव बायबलचा नव्हे. ती मूर्ती आहे. राजवट ख्रिस्ती म्हणवून घेणारी, टीका करणारेही ख्रिस्ती. देवाचे नाव तेच असले, तरी त्यामागे सत्तेची पूजा चालू शकते, हा सोन्याच्या वासराचाच धडा येथे नव्याने आला.

चर्चच मूर्ती बनले तर?

याचे उत्तर देणारी कथाही बायबलमध्ये आहे. रानात सर्पदंशातून वाचण्यासाठी मोशेने देवाच्या आज्ञेने पितळेचा साप केला होता. काही शतकांनी लोक त्यालाच धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. देवाने दिलेली पवित्र वस्तूही मूर्ती होऊ शकते, हे या कथेचे तात्पर्य.

इव्हँजेलिकल चर्चच्या लोझान चळवळीची जागतिक परिषद ऑक्टोबर २०१० मध्ये केपटाउनला झाली. तिच्या जाहीरनाम्यात सत्ता, यश आणि लोभ या मूर्तींचे नाव घेतले गेले आणि त्यांचा ठपका चर्चवरच ठेवला गेला. श्रद्धा ठेवा, दान द्या, देव तुम्हाला श्रीमंत आणि निरोगी करील, असे सांगणाऱ्या ‘समृद्धीच्या शुभवर्तमाना’वरही त्यात टीका आहे. अमेरिका, आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि आशियातही अशी प्रवचने लोकप्रिय आहेत. त्यांत देवाला भजले जाते ते पैशाकडे नेणारा मार्ग म्हणून, असा आक्षेप आहे.

कुटुंब, करिअर आणि मोबाइलही?

न्यूयॉर्कमधील प्रेस्बिटेरियन पाळक टिमथी केलर यांचे ‘काउंटरफिट गॉड्स’ हे पुस्तक जागतिक आर्थिक मंदीच्या पार्श्वभूमीवर २००९ मध्ये आले. त्यांचा मुद्दा साधा होता : मूर्ती बहुधा चांगल्या गोष्टींचीच होते. प्रेम, मुले, नोकरीतील यश, समाजसेवाही. चांगली गोष्ट सर्वस्व झाली, की तीच आयुष्य ताब्यात घेते. मुलाच्या परीक्षेतील टक्क्यांवर घराची सारी प्रतिष्ठा अवलंबून असेल, तर तेथे मुलावरील प्रेम कमी नसते. पण त्याच्या खांद्यांवर देवाइतका भार पडलेला असतो.

मोबाइलबाबतही हाच निकष लावला जातो. सकाळी उठताच त्याच्याकडे जाणारा हात, लाइक्सच्या संख्येवर ठरणारी स्वतःची किंमत, एकटेपणात त्यालाच विचारलेले प्रश्न. मूर्ती घडवणारे आणि तिच्यावर भिस्त ठेवणारे अखेर तिच्यासारखेच होतात, असे ११५ वे स्तोत्र बजावते. डोळे असून समोरचा माणूस न दिसणे, कान असून त्याचे न ऐकणे, हा अनुभव आज घरोघरी आहे.

या मांडणीवर आक्षेप काय?

पहिला असा, की प्रत्येक आवडीला मूर्ती म्हटले तर शब्दाला अर्थच उरत नाही. दुसरा अधिक गंभीर. एखादा धर्मोपदेशक अनुयायांच्या शिक्षणाला, मैत्रीला, प्रश्न विचारण्यालाही मूर्ती ठरवून त्यांच्यावर ताबा मिळवू शकतो. तिसरा, व्यक्तीच्या मनावरच बोट ठेवल्याने व्यवस्थेचे दोष नजरेआड होतात. दिवसाचे बारा तास राबणाऱ्याला ‘काम हा तुझा देव झाला आहे’ असे ऐकवणे क्रूर आहे. त्याचे तास ठरवणारा कोणी दुसराच असतो.

ओळखायचे कसे आणि उपाय काय?

या आक्षेपांना उत्तर देणारी एक कसोटी बायबलमध्येच सापडते. हिन्नोमच्या खोऱ्यात मोलख दैवतापुढे मुलांचा बळी दिला जाई, त्याविरुद्ध यिर्मया संदेष्टा बोलला. मूर्ती बळी मागते आणि तो बहुतेकदा दुबळ्याचा असतो. ‘मला काय आवडते’ यापेक्षा ‘माझ्या आवडीची किंमत कोण मोजतो’ हा प्रश्न म्हणून अधिक उपयोगी ठरतो. तो व्यक्तीला विचारता येतो. बाजाराला, सरकारला आणि चर्चलाही.

उपाय म्हणून ख्रिस्ती परंपरा जुन्याच सवयींकडे बोट दाखवते. आठवड्यातील एक दिवस विश्रांतीचा, कारण त्या दिवशी आपल्यावाचूनही जग चालते हे कळते. ईस्टरपूर्वी ४० दिवसांचा उपवासकाळ, ज्यात अनेक जण आता जेवणातील पदार्थांबरोबर समाजमाध्यमेही सोडतात. आणि दान, कारण जे देता येते त्याचे आपण गुलाम नसतो. जे सोडून पाहताना हात थरथरतो, त्याच्याकडे नीट पाहावे, एवढेच ही परंपरा सांगते.