पहिली स्पोर्ट्स बाईक घाटासाठी घ्या!

महाराष्ट्रातल्या सगळ्यात गुळगुळीत आणि वेगवान रस्त्यांवर स्पोर्ट्स बाईकला मज्जाव आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे, वांद्रे-वरळी सागरी सेतू, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू, मुंबईचा कोस्टल रोड. यातल्या एकाही रस्त्यावर दुचाकी चालत नाही. शिवाय २०१८ साली केंद्र सरकारने दुचाकींसाठी ठरवलेली कमाल मर्यादा चौपदरी महामार्गावर ताशी ८० आणि शहरात ६० किलोमीटर आहे. शोरूममधला मुलगा ज्या टॉप स्पीडबद्दल इतकं रंगवून सांगतो, तो काढायला जागाच नाही!

मग स्पोर्ट्स बाईक घ्यायची कशासाठी? घाटासाठी. ताम्हिणी, माळशेज, आंबोली, महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी. अशा रस्त्यांवर चाळीस-पन्नासच्या वेगातच गाडी वळणात झुकवायची, वळण उलगडायला लागलं की हळूच पिकअप द्यायचा, आणि पुढच्या वळणासाठी वेळेत गिअर उतरवायचा. ही मजा सरळ रस्त्यावर १४० ने जाण्यात नाही. पहिली गाडी निवडताना एवढं डोक्यात पक्कं बसलं की मनातली अर्धी यादी आपोआप गळते.

लायसन्स एक, गाड्या वाट्टेल तेवढ्या

आपल्याकडे वयाची अठरा वर्षं पूर्ण झाली आणि गिअरच्या दुचाकीचं लायसन्स मिळालं, की कायद्याने तुम्ही स्प्लेंडरही चालवू शकता आणि दोनशे हॉर्सपॉवरची सुपरबाईकही. युरोपात मात्र पायऱ्या चढाव्या लागतात. ए-वन लायसन्सवर १२५ सीसी आणि फार तर १५ हॉर्सपॉवर. ए-टूवर ३५ किलोवॅट, म्हणजे साधारण ४७ हॉर्सपॉवर. त्याच्या पुढे मोकळं रान. आपल्या कॉलेजांच्या पार्किंगमध्ये सर्रास दिसणारी यामाहा आर१५ तिथल्या ए-वनवाल्याला चालवता येत नाही. तिचं इंजिन १५५ सीसीचं आणि ताकद १८ हॉर्सपॉवरच्या वर! जपानमध्ये मधल्या लायसन्सची हद्द ४०० सीसी. ब्रिटनने तर १९६१ मध्येच शिकाऊ चालकांना २५० सीसीवरच्या गाड्या बंद केल्या आणि १९८३ मध्ये ही हद्द १२५ वर आणली.

आपला कायदा या बाबतीत गप्प असला, तरी एका बाबतीत भलताच कडक आहे. अठरा पूर्ण नसलेल्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीचं रजिस्ट्रेशनही बारा महिन्यांसाठी रद्द होतं. दहावीच्या निकालाचं बक्षीस म्हणून गाडी मागणाऱ्या मुलाच्या आई-बाबांनी हे कलम, १९९-ए, आधी वाचून घ्यावं.

रॉसीने १२५ वरून सुरुवात केली

ज्यांना ‘छोट्या’ गाडीची लाज वाटते त्यांच्यासाठी हा खास तपशील. वालेंतिनो रॉसीचं पहिलं विश्वविजेतेपद १९९७ सालचं, आणि ते १२५ सीसी गटातलं. १९९९ मध्ये तो २५० सीसीचा विजेता झाला आणि २००१ मध्ये ५०० सीसीचा. मार्क मार्केझचं पहिलं जगज्जेतेपदही १२५ चंच, २०१० सालचं. होंडा १९५९ मध्ये आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत पहिल्यांदा उतरली ती १२५ सीसीच्या गाड्या घेऊन, आणि परत जाताना सांघिक बक्षीस घेऊन गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झाली, तेव्हा ज्यांनी मोटो-थ्रीची शर्यत पाहिली त्यांना २५० सीसीचं एक सिलिंडर काय करू शकतं हे वेगळं सांगायला नको.

शंभर किलोमागे किती घोडे?

नुसत्या सीसीवरून गाडी कळत नाही. हॉर्सपॉवर आणि वजन शेजारी शेजारी मांडा. स्प्लेंडर: ८ हॉर्सपॉवर, ११२ किलो, म्हणजे दर शंभर किलोमागे सात. आर१५: १८.४ हॉर्सपॉवर, सुमारे १४२ किलो, तेरा. टीव्हीएसची अपाचे आरआर ३१० डिसेंबर २०१७ मध्ये आली तेव्हा ३४ हॉर्सपॉवर आणि १७० किलोच्या आसपास होती, वीस. केटीएम आरसी ३९०: ४३ हॉर्सपॉवरच्या वर आणि १७२ किलो, पंचवीस. आणि यामाहा आर१ सारखी लिटरची गाडी? दोनशे घोडे, दोनशे किलो. सरळ शंभर!

स्प्लेंडर किंवा अ‍ॅक्टिव्हावर हात बसलेल्या माणसाला तेरा ते वीस हा टप्पा भरपूर आहे, असं माझं ठाम मत आहे. पंचवीसची गाडी वाईट नाही, पण ती पहिल्या दिवसापासून शिस्त मागते. ओल्या रस्त्यावर मनगट जरा जास्त वळलं तरी ती ऐकून घेत नाही.

आर१५ ला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, पण २००८ साली ही गाडी आली तेव्हा दीडशे सीसीत लिक्विड कूलिंग, चार व्हॉल्व्ह आणि डेल्टाबॉक्स फ्रेम एकत्र देणं ही भारतात मोठी गोष्ट होती. आजच्या गाडीत ७,४०० आरपीएमला कॅम बदलतो. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धरा आणि काटा वर सरकू द्या. सात हजारांपर्यंत ती शहाण्यासारखी चालते, मग आवाजाची पट्टी चढते आणि टाकीला टेकलेल्या गुडघ्यांना नवा थरार जाणवतो. १०,००० आरपीएमला तिचा प्लग एका सेकंदात सुमारे ८३ वेळा ठिणगी टाकतो. हे सगळं अनुभवताना तुमचा वेग मात्र घाटात झेपेल असाच असतो. पहिल्या गाडीचं पूर्ण इंजिन वापरायला मिळणं यासारखं सुख नाही.

आणि चाकणकरांनी कॉलर ताठ करावी अशी एक गोष्ट. केटीएम ऑस्ट्रियाची, मातिगहोफेन गावची. बजाजने २००७ मध्ये तिच्यात हिस्सा घेतला, जानेवारी २०१२ मध्ये २०० ड्यूक आणि सप्टेंबर २०१४ मध्ये आरसी २०० व आरसी ३९० भारतात आल्या. या छोट्या केटीएम चाकणला बनतात आणि तिथून जगभर जातात. युरोपातला पोरगा ज्या आरसीवर शिकतो, तिच्यावर आपल्या पुणे जिल्ह्यातल्या कामगारांचे हात फिरलेले असतात.

१५० आणि ३५० च्या रेघा

थर्ड पार्टी विम्याचे दर सीसीच्या टप्प्यांवर ठरतात. जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीला वर्षाला ७१४ रुपये, १५० ते ३५० ला १,३६६ आणि ३५० च्या पुढे २,८०४. नव्या गाडीला पाच वर्षांचा विमा एकदम काढावा लागत असल्याने हा फरक ऑन-रोड किमतीत ठसठशीत दिसतो. जुनी आर१५ दीडशेच्या आत बसायची. पाच सीसी वाढले आणि टप्पा बदलला. आरसी ३९० चं इंजिन ३७३ सीसीचं, म्हणजे ती सगळ्यात वरच्या टप्प्यात. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के. ३५० च्या आत राहून वाचलेल्या पैशांत आयएसआय मार्कचं चांगलं फुल-फेस हेल्मेट, ग्लोव्हज, जॅकेट आणि घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट बसतात. ही खरेदी गाडीबरोबरच करा, ‘पुढच्या महिन्यात बघू’ नको.

पाय टेकतात का?

सीटची उंची कावासाकी निंजा ३०० ची ७८० मिलिमीटर, सुझुकी जिक्सर एसएफ २५० ची ८००, आरआर ३१० ची ८१०, आर१५ ची ८१५, आरसी ३९० ची ८२४. आकडे जवळजवळ दिसतात, पण सीट पुढे किती रुंद आहे त्यावर पाय पोचणं ठरतं. म्हणून शोरूमला चपला घालून जाऊ नका, बूट घालून जा. गाडीवर बसा, स्टँड काढा आणि पायांनीच दोन फूट मागे ढकलून बघा. मग हँडल पूर्ण उजवीकडे वळवा. क्लिप-ऑन हँडल असलेल्या काही गाड्यांत इथे अंगठा आणि टाकी यांच्यात जेमतेम बोटभर जागा उरते. सोसायटीच्या गेटमध्ये यू-टर्न घेताना ही बोटभर जागा फार मोलाची ठरते. नवशिक्यांच्या गाड्या पडतात त्या बहुतेक अशाच, उभ्या उभ्या, पाय टेकायला गेला आणि खाली खड्डा निघाला म्हणून.

आणखी एक सवय मोडावी लागते. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबून पडतात. स्पोर्ट्स बाईकला पहिला खाली आणि बाकीचे पाच वर. स्प्लेंडरवर शिकलेला पाय घाईत पुढे दाबला जातो आणि गिअर वाढण्याऐवजी उतरतो. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत स्लिपर क्लच असतो, त्यामुळे मागचं चाक लगेच घसरत नाही. तरी पहिला आठवडा रिकाम्या मैदानात घालवा.

थांबणं

राजदूत ३५० आठवते? एस्कॉर्ट्सने १९८३ साली यामाहा आरडी ३५० वरून काढलेली गाडी. हाय टॉर्क मॉडेलला तीस हॉर्सपॉवर, आणि ब्रेक दोन्ही चाकांना ड्रम! मूळ यामाहाला पुढे डिस्क होती. आज चित्र पार बदललंय. १ एप्रिल २०१८ पासून १२५ सीसीवरच्या नव्या मॉडेल्सना आणि १ एप्रिल २०१९ पासून अशा सगळ्याच गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. सिंगल चॅनल म्हणजे फक्त पुढच्या चाकाला, ड्युअल म्हणजे दोन्हींना. पावसाळ्यातला घाट डोळ्यांसमोर असेल तर ड्युअलच घ्या, त्यासाठी चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

ताशी ६० ने जाताना गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावरचं अंतर चौपट होतं. आणि थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेक करतो, कारण ब्रेक लागताच गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं. ‘पुढचा दाबू नको, पडशील’ असं सांगणाऱ्या काकांना नमस्कार करा आणि पुढचा ब्रेक हळूहळू घट्ट करत दाबायला शिका.

वळण्याचंही असंच उलटं आहे. चालत्या गाडीला डावीकडे न्यायचं तर डावं हँडल पुढे ढकलावं लागतं, मग गाडी डावीकडे झुकते आणि वळते. सायकलच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या विल्बर राइटच्याही हे लक्षात आलं होतं.

साडीगार्डवाली रेसर

मागच्या प्रवाशासाठी पकडायला दांडी, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकेल असं काहीतरी, हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमाने बंधनकारक आहे. म्हणून आपल्याकडे रेसिंगच्या रंगातल्या गाडीलाही साडीगार्ड लागलेला दिसतो. दिसायला आवडो न आवडो, काढू नका. ओढणी चाकात अडकून झालेले अपघात आपल्याकडे नवे नाहीत. सायलेन्सरही कंपनीचाच राहू द्या.

सेकंडहँड घ्यायची असेल तर

माझ्या मते पहिली स्पोर्ट्स बाईक सेकंडहँड घेणं शहाणपणाचंच. नव्या फेअरिंगवर पहिला ओरखडा पडतो तेव्हा जीव तुटतो. फक्त बघायला जाताना जाणता मेकॅनिक बरोबर न्या आणि तो काय बघतो ते बघा. चकचकीत फेअरिंगकडे तो ढुंकूनही पाहत नाही. आधी हँडलच्या टोकांचे बार-एंड चाचपतो, मग ब्रेक आणि क्लचच्या लिव्हरची टोकं, मग फूटरेस्टच्या कडा. या तिन्हींवर एकाच बाजूला घासल्याच्या खुणा असल्या की गाडी त्या बाजूला पडलेली आहे. नंतर तो हँडल पूर्ण वळवून, पुढचे शॉकअप धरणारा टी जिथे फ्रेमला टेकतो तो लोखंडाचा छोटा ठोकळा टॉर्चने बघतो. तो वाकलेला किंवा रंगवलेला असेल तर धडक जोराची झालीय, पुढे बोलणीच नको. पुढच्या शॉकअपच्या नळीवर तेलाची रेघ, स्प्रॉकेटचे दात एका बाजूला झुकलेले, टायर मधोमध सपाट झालेला, यांचा खर्च मोजून किंमत पाडता येते. सगळ्यात शेवटी आरसी (रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट). तिच्यावर बँकेचा बोजा दिसला, तर एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनचा रुपयाही देऊ नका.