पिकल्या पानाचा हिशेब

पान पिवळे पडले की ते मेले, असा आपला सर्वसाधारण समज असतो. वनस्पतिशास्त्र मात्र वेगळेच सांगते. पिवळे पडणे हे मरण नसून मरणापूर्वीची आवराआवर आहे आणि ती करण्यासाठी पान जिवंत असावेच लागते. दहिवराने एका रात्रीत करपलेल्या पानाला ही संधी मिळत नाही.

या आवराआवरीत झाडाचा मोठाच फायदा असतो. गहू किंवा भाताच्या पानातील नायट्रोजनपैकी सुमारे तीन चतुर्थांश नायट्रोजन हरितलवकांमध्ये, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या सूक्ष्म घटकांमध्ये, अडकलेला असतो. पान वृद्ध होऊ लागले की तेथील प्रथिने मोडली जातात आणि त्यांतून सुटलेली अमिनो आम्ले दाण्यांकडे किंवा कोवळ्या पानांकडे रवाना होतात. हरितद्रव्य नष्ट होते आणि त्याखाली आधीपासूनच असलेला पिवळा रंग उघडा पडतो. घर सोडताना भाडेकरूने चीजवस्तू बांधून न्याव्यात आणि मागे रिकाम्या भिंती उराव्यात, तसाच हा प्रकार.

पण निघण्याची वेळ झाली, हे पानाला सांगते कोण? पहिला धागा संप्रेरकांचा आहे. १९५७ मध्ये अमोस रिचमंड आणि अँटन लँग यांनी झँथियम या तणाची तोडलेली पाने कायनेटिनच्या द्रावणात ठेवली, तेव्हा त्यांतील प्रथिने टिकून राहिली आणि पाने अधिक काळ जगली. कायनेटिन हे सायटोकायनिन वर्गातील द्रव्य. हा वर्ग पानाचे तारुण्य टिकवतो. इथिलीन हा वायू त्याच्या उलट काम करतो. युरोपातील रस्त्यांवर गॅसचे दिवे होते, त्या काळात गळक्या नळांजवळच्या झाडांची पाने अकाली झडत असल्याची नोंद १८६४ मध्ये झाली. त्या गॅसमधील प्रभावी घटक इथिलीन असल्याचे रशियन शास्त्रज्ञ दिमित्री नेल्युबोव्ह यांनी १९०१ मध्ये दाखवले. बंद खोल्यांत केळी पिकवण्यासाठी वापरतात तो हाच वायू. अॅब्सिसिक आम्ल, जॅस्मोनिक आम्ल आणि सॅलिसिलिक आम्ल हीदेखील वार्धक्याच्याच बाजूने कौल देतात.

संप्रेरकाचा निरोप अखेर जनुकांपर्यंत पोहोचावा लागतो. मोहरीच्या कुळातील अॅराबिडॉप्सिस या छोट्या रोपावर कोरियातील शास्त्रज्ञांनी बरेच काम केले आहे. पाने दीर्घकाळ हिरवी ठेवणाऱ्या उत्परिवर्तित रोपांना त्यांनी ‘ओरेसारा’, म्हणजे दीर्घायुषी, असे नाव दिले. त्यातूनच ‘ओआरई१’ हे जनुक हाती लागले. कोवळ्या पानात एक सूक्ष्म आरएनए या जनुकाचे तोंड दाबून ठेवतो. वय वाढते तसा तो आरएनए घटत जातो, इथिलीनच्या संकेतमार्गाने जनुकाला बळ मिळते आणि पेशींच्या अंताची तयारी सुरू होते. ही साखळी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. पानाला वय कसे कळते, या प्रश्नाचे इतके नेमके उत्तर तोवर मिळाले नव्हते.

हिरवेपणा नेहमीच खरा असतो असेही नाही. मेंडेलने १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतील हिरव्या वाटाण्यामागचे जनुक २००७ मध्ये सापडले. त्यात बिघाड झाला की हरितद्रव्य मोडत नाही. पान हिरवे दिसते, पण त्याची कार्यक्षमता घसरायची तेव्हा घसरतेच.

मग पानांचे तारुण्य खरोखर लांबवावे का? अमेरिकेतील सुशेंग गान आणि रिचर्ड अमासिनो यांनी १९९५ मध्ये तंबाखूवर एक नामी युक्ती केली. केवळ वार्धक्यातच चालू होणाऱ्या जनुकाची कळ त्यांनी सायटोकायनिन बनवणाऱ्या जीवाणूच्या जनुकाला जोडली. पान म्हातारे होऊ लागले की सायटोकायनिन तयार होई, वार्धक्य थांबे आणि कळही आपोआप बंद पडे. पाने बराच काळ हिरवी राहिली.

गव्हाने मात्र दुसरी बाजू दाखवली. २००६ मध्ये क्रिस्तोबल उआवी, होर्हे दुबकोव्स्की आणि सहकाऱ्यांनी जंगली एमर गव्हातील ‘एनएएम-बी१’ हे जनुक शोधले. आपल्याकडचा खपली गहू याच एमरचा माणसाळवलेला भाऊबंद. हे जनुक पाने लवकर पिकवते आणि त्यांतील प्रथिने, लोह व जस्त दाण्यात पोहोचवते. आधुनिक गव्हाच्या बहुतेक वाणांत ते निकामी झालेले आहे. संशोधकांनी या जनुकासह त्याच्या भावंडांचे काम दडपले, तेव्हा पाने तीन आठवड्यांहून अधिक काळ हिरवी राहिली. पण दाण्यातील प्रथिने, लोह व जस्त ३० टक्क्यांहून अधिक घटले. शेत हिरवेगार आणि पोळी मात्र निःसत्त्व! ज्या देशात रक्तक्षय घरोघरी आढळतो, तेथे हा सौदा महाग पडेल.

ज्वारीचे गणित निराळे आहे. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे निवडलेल्या मालदांडीसारखी रब्बी ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावरच वाढते आणि दाणा भरण्याच्या वेळीच तो ओलावा संपत येतो. इथिओपियातील ज्वारीपासून आलेल्या ‘हिरवे राहण्याच्या’ गुणाचा येथे उपयोग आहे. ऑस्ट्रेलियातील अभ्यासानुसार हा गुण असलेले ताट फुटवे कमी काढते, फुलोऱ्यापूर्वी पाणी राखून ठेवते आणि ते पुढे दाण्याच्या कामी येते. हैदराबादजवळच्या ‘इक्रिसॅट’ संस्थेनेही हा गुण संकराने इतर वाणांत उतरवला आहे. पान टिकले तर कणीस भरते आणि जनावरांना कडबाही बरा मिळतो. तेव्हा गव्हाचे पान वेळेवर पिकावे आणि रब्बी ज्वारीचे थोडे उशिरा, असे पैदासकारांना वाटले, तर त्यात विसंगती नाही.