एका वहीतील दोन व्यवसाय

आमच्या चिकित्सालयात रुग्ण येतो, आम्ही त्याची नाडी पाहतो, पथ्यापथ्य सांगतो आणि त्याच मेजावरून औषध त्याच्या हाती ठेवतो. रुग्ण एक रक्कम देतो. ती रक्कम त्या दिवसाच्या तारखेखाली वहीत एका आकड्याने उतरते. वडिलांच्या काळापासून ही पद्धत चालत आली होती आणि तीत काही वावगे आहे असे आम्हांस कधी वाटले नाही. किंबहुना वैद्य आणि भेषज हे चिकित्सेचे पाद एकमेकांपासून वेगळे काढावयाचे नसतात, हीच आपली शिकवण. परंतु मे २०२४ मध्ये वस्तू व सेवा कर खात्याची २०१९-२० या वर्षाविषयीची नोटीस हाती पडली, आणि शास्त्राने जे एकत्र बांधले ते कराच्या कायद्याने केव्हाच वेगळे केले आहे, हे आमच्या ध्यानी आले.

आम्ही त्या वर्षीच्या आयकर विवरणपत्रात २७ लाख रुपयांची जमा दाखविली होती. जीएसटीची नोंदणी मात्र केलेली नव्हती. वैद्यकीय सेवेस कर नाही हे आम्हांस ठाऊक होते, आणि औषधाची उलाढाल ४० लाखांच्या आत असल्यास नोंदणी लागत नाही असे ऐकून होतो. दोन्ही गोष्टी सुट्या सुट्या खऱ्या आहेत. त्या एकत्र केल्या की मात्र चुकीचे उत्तर येते, आणि आमच्यासारखे चिकित्सा करून औषधही देणारे अनेक व्यावसायिक आजही त्याच उत्तरावर विसंबून आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला तेव्हापासून मान्यताप्राप्त वैद्यकपद्धतीने केलेले निदान, उपचार व शुश्रूषा करमुक्त आहेत, आणि त्या पद्धतींत आयुर्वेदाचा स्पष्ट समावेश आहे. पंचकर्मात वापरलेले तेल, काढा, बस्तिद्रव्य हे त्या उपचाराचाच भाग होय. आंतररुग्णास उपचारात दिलेले औषधही सेवेतच धरले जाते. बाह्यरुग्णास घरी नेण्यासाठी दिलेले औषध मात्र विक्री ठरते, असाच कौल निरनिराळ्या राज्यांतील अग्रिम निर्णय प्राधिकरणांनी दिलेला आहे. येथे एक विसंगती नमूद केल्यावाचून राहवत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आपल्या स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्यास उत्पादनाच्या परवान्यातून सूट देतो, म्हणजे तो कायदा ते औषध वैद्याच्या चिकित्साकर्माचाच भाग मानतो. करकायदा त्याच पुडीस विकलेली वस्तू म्हणतो. आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस त्या कायद्याखाली परवाना लागत नाही, त्यामुळे कोणताच कागद लागत नाही असा समज आपल्या औषधालयचालकांतही रूढ झाला आहे. तो समज परवान्यापुरताच खरा आहे.

आता नोंदणीची मर्यादा. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पासून ४० लाखांची मर्यादा आहे, पण ती केवळ वस्तूंचीच विक्री करणाऱ्यास. जो सेवाही देतो त्याची मर्यादा २० लाखच राहते. शिवाय ही मर्यादा मोजताना एका पॅनवरील सर्व उलाढाल, करमुक्त सेवेसह, बेरजेत धरावी लागते. ज्याची संपूर्ण उलाढाल करमुक्त आहे, म्हणजे जो केवळ सल्ला व उपचारच करतो, त्यास कितीही जमा झाली तरी नोंदणी नको. पण ज्याने त्याच्या जोडीला औषध विकले, त्याचे सल्लाशुल्क करमुक्त असूनही मर्यादेच्या मापात मात्र पडते. आमचे त्या वर्षीचे शुल्क सुमारे १६ लाख आणि औषध सुमारे ११ लाख. औषध चाळिसाच्या बरेच आत, बेरीज विसाच्या बरीच बाहेर.

नोटिशीत पूर्ण २७ लाखांवर १८ टक्के दराने ४ लाख ८६ हजारांचा कर मागितला होता. अधिकाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. औषध कोणते आणि शुल्क कोणते हे आमची वहीच सांगत नव्हती, तेव्हा त्यांनी तरी कशावरून वेगळे करावे? पुढील तीन आठवडे आमच्या घरातील सर्वांनी रुग्णपत्रके, घाऊक विक्रेत्यांची बिले आणि बँकेच्या नोंदी जुळविण्यात घालविले. सुदैवाने औषधखरेदीची बिले जपलेली होती. त्यांवरून औषधाचा हिस्सा सिद्ध झाला आणि शुल्काचा भाग करमुक्त म्हणून मान्य झाला. आम्ही देत होतो ती औषधे बहुतांशी मोठ्या उत्पादकांची, बंद वेष्टनातील होती. त्यांवर तेव्हा १२ टक्के कर होता. ११ लाखांवर १ लाख ३२ हजार, आणि त्यावर वार्षिक १८ टक्के दराने जवळजवळ पावणेपाच वर्षांचे व्याज, तेही लाखाच्या पुढे. नोंदणी नसल्याने खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळाली नाही. नोटिशीपासून ३० दिवसांच्या आत रक्कम भरल्याने दंड टळला, एवढाच काय तो दिलासा.

त्यातही आमचे नशीब पाहा. आम्ही जून २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात भरणा केला. त्याच महिन्याच्या २२ तारखेस जीएसटी परिषदेने २०१७-१८ ते २०१९-२० या तीन वर्षांच्या अशा मागण्यांवरील व्याज व दंड माफ करण्याची शिफारस केली. मूळ कर ३१ मार्च २०२५ पर्यंत भरणाऱ्यांना तो लाभ मिळाला. आधीच भरलेले व्याज परत देऊ नये असे त्याच तरतुदीत लिहिलेले आहे. पुढील वर्षांचा हिशेब आम्ही स्वतःहून पुरा करून नोंदणी घेतली.

औषधालयचालकांच्या दृष्टीने यानंतरचा महत्त्वाचा टप्पा २२ सप्टेंबर २०२५ हा होय. त्या दिवसापासून आयुर्वेदीय औषधांवरील दर १२ वरून ५ टक्के झाला. केशतेल, दंतमंजन हेही ५ टक्क्यांत आले. आपल्या व्यवसायातील एक जुना वाद त्यामुळे पुष्कळसा निवळला. सर्वोच्च न्यायालयाने पूर्वी एकदा आणि पुन्हा २००९ मध्ये बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाचा विचार उत्पादनशुल्काच्या संदर्भात केला होता, आणि घटकद्रव्ये ग्रंथोक्त असली तरी सामान्य ग्राहक ते औषध म्हणून घेतो की दात घासण्याची भुकटी म्हणून, ही कसोटी लावून ते औषध नव्हे असे ठरविले होते. दंतमंजनापुरता दराचा भेद आता उरला नाही. मुखलेपनाची मलमे व तत्सम प्रसाधने मात्र अद्याप १८ टक्क्यांत आहेत. यास्तव फळीवरील जी वस्तू औषध म्हणून ५ टक्क्यांनी विकली जात आहे, तिच्या वेष्टनावर उत्पादनाचा परवाना क्रमांक व रोगाधिकार छापलेला आहे ना, एवढे तरी पाहून ठेवावे.

दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या विक्रेत्यास आपसमेळ योजनेखाली उलाढालीच्या १ टक्का कर भरून मोकळे होता येते. ती घ्यावी काय, असा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. दर बदलल्यापासून या प्रश्नाचे उत्तर बदलले आहे. करापूर्वी ७५ रुपयांस घेतलेली आणि १०० रुपयांस विकावयाची एक बाटली घेऊ. नियमित नोंदणीत दर कोणताही असो, विक्रेत्यास २५ रुपये उरतात. आपसमेळात खरेदीवरील कर अंगावर पडतो, पण छापील किंमत पूर्ण हाती येते. १२ टक्क्यांच्या काळात ११२ मधून ८४ खरेदीचे आणि १ रुपया १२ पैसे कराचे वजा जाऊन २६ रुपये ८८ पैसे उरत, म्हणजे जवळजवळ १ रुपया ८८ पैशांचा लाभ होता. आता १०५ मधून ७८ रुपये ७५ पैसे आणि १ रुपया ५ पैसे वजा जाता २५ रुपये २० पैसे उरतात. लाभ वीस पैशांवर आला. विवरणपत्रांचा त्रास कमी होतो हे खरे, पण परराज्यात माल पाठविण्याची मुभा जाते आणि आपल्याकडून घेणाऱ्या घाऊक ग्राहकास वजावट मिळत नाही. पंचकर्माची सेवा देणाऱ्या वैद्याने तर सनदी लेखापालास विचारल्याखेरीज या योजनेत शिरू नये, कारण तीत सेवेच्या प्रमाणावर बंधन आहे.

आयकराकडे वळू. येथेही वैद्याच्या घरातील दोन कर्मे वेगळीच मोजली जातात. २०१६-१७ पासून वैद्यकीय व्यवसायास अनुमानित उत्पन्नाची सोय आहे. १९६१ च्या कायद्यातील कलम ४४ एडीए, म्हणजेच १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यातील कलम ५८, यानुसार ५० लाखांपर्यंतच्या शुल्कापैकी निम्मे उत्पन्न म्हणून दाखविल्यास हिशेबाच्या वह्या व लेखापरीक्षण यांतून सुटका होते. रोख जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांपेक्षा अधिक नसल्यास ही मर्यादा ७५ लाख आहे. छोट्या व्यापाऱ्यांसाठी अशीच सोय कलम ४४ एडीमध्ये होती, ८ टक्क्यांची, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्क्यांची. शुल्क एका सोयीखाली आणि औषध दुसऱ्या सोयीखाली दाखवावे असा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु ४४ एडीच्याच सहाव्या पोटकलमात वैद्यकासारखा नमूद व्यवसाय करणाऱ्या व्यक्तीस ते कलम लागू नाही असे शब्द आहेत. त्यांचा अर्थ सौम्य लावणारे जाणकार आहेत. आमचे मत असे की, ज्याचा अर्थ वादग्रस्त आहे त्याच्या आधारे विवरणपत्र भरण्यापेक्षा औषधविक्रीचा नफा खरेदी-विक्रीच्या प्रत्यक्ष नोंदींवरून काढावा.

कित्येक ठिकाणी औषधालय पत्नीच्या नावे असते. ती स्वतः वैद्य वा औषधनिर्माणशास्त्र शिकलेली असेल आणि भांडवल तिचे असेल, तर ही व्यवस्था सर्वथा योग्य होय, आणि पॅन वेगळा असल्याने जीएसटीची मर्यादाही वेगळी मोजली जाते. पतीने दान दिलेल्या पैशावर उभा राहिलेला नफा मात्र आयकरात त्या प्रमाणात पतीच्याच उत्पन्नात मिळविला जातो, हे विसरू नये.

२०२५-२६ पासून नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या सामान्य उत्पन्नावर सवलतीमुळे कर द्यावा लागत नाही. १६ लाख शुल्काचे निम्मे ८ लाख आणि औषधाचा २ लाख नफा, असे १० लाखांचे उत्पन्न असलेला वैद्य या न्यायाने करमुक्त ठरतो. पण विवरणपत्र त्यास भरावेच लागते, कारण मूळ सूट ४ लाखांचीच आहे आणि वरचा भाग माफ होतो तो विवरणपत्र भरल्यावर. रुग्णालयात जाऊन सल्ला देणाऱ्या वैद्यांच्या मानधनातून १० टक्के आधीच कापले जातात. विवरणपत्र न भरणाऱ्यांचे ते पैसे सरकारजमाच राहतात. आमच्या परिचयातील एका तरुण वैद्याने सलग तीन वर्षे ही रक्कम मागितलीच नव्हती.

राज्याचा व्यवसायकर वर्षास २,५०० रुपये आहे. तो लहान असल्याने विसरला जातो आणि विसरल्यानेच महाग पडतो.

शासकीय लाभांविषयी आपल्यात उदासीनता अधिक आहे. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आधार व पॅनवर विनामूल्य होते, त्यासाठी मध्यस्थास पैसे देण्याचे कारण नाही. किरकोळ व घाऊक विक्रेत्यांना २ जुलै २०२१ पासून तीत प्रवेश मिळाला, पण त्यांना लाभ अग्रक्रमाच्या कर्जापुरताच आहे. रसशाळा चालविणाऱ्या उत्पादकास मात्र ती नोंदणी खरे संरक्षण देते. त्याने पाठविलेल्या मालाचे पैसे लेखी करार असल्यास फार तर ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत खरेदीदाराने द्यावयाचे असतात, आणि न दिल्यास तो खर्च खरेदीदारास आयकरात त्या वर्षी मिळत नाही. वर्षानुवर्षे वितरकांकडे पैसे अडकलेल्या लहान उत्पादकांनी बिलावर उद्यम क्रमांक छापण्यास आरंभ करावा. भांडवलासाठी मुद्रा योजनेत तारणाशिवाय १० लाखांपर्यंत कर्ज मिळते, आणि ते फेडलेल्यास २० लाखांपर्यंत.

औषध कुटणारे, अभ्यंग करणारे आपले साहाय्यक बहुधा कोणत्याही विम्यात नसतात. वर्षास २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवनविमा बँकेच्या खात्यातूनच मिळतो. दोहोंचे मिळून ४५६ रुपये मालकाने भरावेत, त्यांच्या पगारातून कापू नयेत. सत्तरी ओलांडलेल्या वैद्यांना उत्पन्न न पाहता वर्षास ५ लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे आयुष्मान वय वंदना कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले आहे. आमच्या ज्येष्ठांपैकी काहींना ते घेण्यात संकोच वाटतो. तो कशासाठी, हे आम्हांस कळत नाही.

आता आमच्या मेजावर दोन पावतीपुस्तके आहेत, पांढरे शुल्काचे आणि पिवळे औषधाचे. भिंतीवर क्यूआर संकेतही दोन लावले आहेत, दोन निराळ्या खात्यांचे. पहिल्या आठवड्यात रुग्ण गोंधळले, नंतर सरावले. आयकराच्या जुन्या नियमावलीतील नमुना ३ सी, म्हणजे रोजची रुग्णनोंदवही, आम्ही पुन्हा सुरू केली आहे. त्या नमुन्यात वैद्य व हकीम यांचा नावाने उल्लेख आहे हे आम्हांस तीस वर्षांच्या व्यवसायानंतर समजले. वर्षाच्या पहिल्या व शेवटच्या दिवशी फळीवरील औषधांची मोजदाद करून यादीवर तारीख व सही घालतो. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावयाचे असल्याने ते वर्षवार बांधून, पूर्वी चूर्णांच्या बरण्या असत त्या कपाटात, वाळवीपासून दूर ठेवले आहेत.