घराचा विमा : वास्तूचे संरक्षण समजून घेताना

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा परिसर जलमय झाला. अशा संकटानंतर अनेक कुटुंबे समजून चालतात, की घरावर कर्ज असल्याने घराचा विमाही असणारच. परंतु कर्जाबरोबर काढलेला विमा पुष्कळदा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. भिंत कोसळल्यास त्यातून काहीच मिळत नाही. म्हणून आपल्याकडील कागद प्रथम वाचून पाहावा, असे आम्ही सुचवितो.

भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाच्या आदेशानुसार १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्या 'भारत गृह रक्षा' ही समान अटींची पॉलिसी देतात. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे, दंगल, पाण्याची टाकी फुटणे इत्यादी कारणांनी झालेली हानी तीत येते.

वास्तू म्हणजे काय?

केवळ चार भिंती व छप्पर नव्हे. पडवी, गॅरेज, कुंपणाची भिंत, फाटक, सेप्टिक टँक, पाण्याची पक्की टाकी व सौर पॅनेल यांचाही वास्तूत समावेश होतो. जमिनीची किंमत मात्र धरली जात नाही.

रक्कम कशी ठरते?

विम्याची रक्कम बाजारभावावर नव्हे, तर पुन्हा बांधण्याच्या खर्चावर ठरते. समजा, घराचे चटई क्षेत्र ८०० चौरस फूट आहे आणि बांधकामाचा दर चौरस फुटास २,५०० रुपये आहे. मग विमा २० लाखांचा होईल. ते घर ८० लाखांना विकले जात असले तरीही. वास्तूचा विमा घेतल्यास घरातील सामानाला तिच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळते. वरील उदाहरणात ते ४ लाख होते. क्षेत्रफळ अचूक सांगणे आवश्यक आहे.

काय मिळत नाही?

नव्या बांधकामाला पडणाऱ्या नेहमीच्या भेगा, सदोष बांधकाम किंवा समुद्र व नदीच्या धुपेमुळे जमीन खचून झालेले नुकसान वगळलेले आहे. किनाऱ्यालगतच्या रहिवाशांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. चोरीची भरपाई केवळ आग, पूर अशा विमित घटनेमुळे व त्यानंतर ७ दिवसांत चोरी झाल्यासच मिळते; एरवीच्या घरफोडीसाठी वेगळा विमा घ्यावा लागतो.

इमारतीत राहणाऱ्यांनी सोसायटीने विमा काढला आहे काय आणि त्यात आपली सदनिका येते काय, याची चौकशी करावी. हानी झाल्यास कंपनीला त्वरित कळवावे, छायाचित्रे काढावीत आणि सर्वेक्षकाने पाहणी करण्यापूर्वी ढिगारा हलवू नये. अधिक हानी टाळण्यापुरती डागडुजी तेवढी करावी.

आयुष्यभराच्या कष्टांतून उभे राहिलेले घर एका रात्रीत मोडू शकते. यंदा पावसाळ्यापूर्वी कौले शाकारताना विम्याचा कागदही एकदा तपासून घ्यावा, ही आपणांस आमची विनंती.