हातांनीच पळणारी, हातांनीच वळणारी

दादर स्टेशनबाहेरच्या फुलबाजाराच्या गर्दीतून दिव्यांगांची तीनचाकी सायकल आली की आपण वाट देतो आणि आपल्या कामाला लागतो. एकदा त्या माणसाच्या हातांकडे नीट पाहावं. गाडी पळवणारे हात तेच, वळवणारेही तेच! साध्या सायकलीवर पाय राबतात, हात दिशा देतात. इथे दोन्ही कामं हातांच्याच वाट्याला आली आहेत.

एका प्रकारात पेडलं छातीसमोर, थेट पुढच्या चिमट्यावर बसवलेली असतात आणि तिथून चेन खाली पुढच्या चाकाला जाते. पेडलं फिरवली की गाडी चालते आणि तोच अख्खा सांगाडा बाजूला ढकलला की वळते. कोपऱ्यावर वळताना एक हात पार लांब जातो, दुसरा पोटाशी मुडपतो, तरी फिरवणं थांबत नाही. सायकलीसारखं एक पेडल वर, एक खाली ठेवलं, तर उजव्या हाताने पुढे रेटताच चाक डावीकडे जाऊ लागतं, डाव्याने रेटताच उजवीकडे. दंडांची किती ताकद नुसती गाडी सरळ ठेवण्यात जात असेल! दोन्ही पेडलं एकदमच वर आणि एकदमच खाली येतील अशी जोडली, की दोन्हीकडचे जोर एकमेकांना तोलतात. शर्यतीच्या हातसायकलींवर ती अशीच जोडीने फिरतात. एवढासा बदल, पण गाडीचा स्वभावच पालटतो.

याच्या अगदी उलट मामला रेलून चालवायच्या 'रिकम्बंट' सायकलींचा. तिथे पाय पुढे पसरून पेडल मारायचं, पाठ सीटला टेकलेली. त्यामुळे हातांवर ना जोर, ना शरीराचा भार. मग हँडल कुठेही नेता येतं. छातीसमोर लांब दांड्यावर आणलं तर वळताना हात बाजूला सरकत जातात. ते चक्क सीटखालीही बसवतात! हात मांड्यांशेजारी निवांत लोंबत राहतात. मात्र तिथून चिमट्यापर्यंत बहुधा एक जोडसळई द्यावी लागते.

मला मात्र जास्त अप्रूप वाटतं ते आपल्या तीनचाकीच्या दुसऱ्या प्रकाराचं. त्यात हातांनी कामं वाटून घेतलेली असतात. एक हात बाजूचं पेडल फिरवतो, त्याची चेन मागच्या एका चाकाला. दुसऱ्या हातात पुढचं चाक वळवणारा दांडा. पेडल मारायला एकच हात पुरतो, त्यामुळे एका हातात जोर कमी असलेल्याला ही गाडी जमते. उजव्या चाकाला जोर मिळाला की गाडी डावीकडे ओढते, ती दांड्याने सतत सावरावी लागते. पण दादरच्याच टिळक पुलासारखा चढ आला की हिचं पारडं जड. चढावर वजन मागे सरकतं. पुढच्या चाकावर चालणारी गाडी तिथे हलकी पडून घसरू शकते, आणि हिचं मागचं चाक रस्ता घट्ट धरून वर चढतं.